मोठीचं दुखणं, माझं दुखणं

आमच्या अंगणात दोन चुली होत्या आणि दोन पोरी. एक चूल मोठेबाबांची, म्हणजे बाबांच्या थोरल्या भावाची, एक माझ्या बाबांची. मोठेबाबांची पोरगी माझ्याहून चार-पाच महिन्यांनी आधी जन्मली, तेवढ्यावर ती घरात मोठी झाली आणि मी लहानी. शाळेत एकाच वर्गात, एकाच तरटपट्टीवर बसायचो, तरी लोक विचारायचे ते असं: "मोठी हुशार हाय म्हणते, लहानी कशी हाय?" मी कशी आहे हे मोठीशेजारी उभी केल्याशिवाय कोणाला कळतच नसे.

बाभुळगावात बाबा कापसाच्या जिनात कामाला होते, मोठेबाबा सडकेच्या गँगवर. छप्पन साली दोघं भाऊ नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आले. आल्याबरोबर घरातले देव गेले, नवस गेले, अंगारा-धुपारा गेला. माझ्या मायला ते थोडं जड गेलं. बाबांनी तिला एवढंच सांगितलं, "आता कोणी बिमार पडलं त डाक्टर. दुसऱ्या कोणाच्या पाया पडाचं नाही." हा नियम आमच्या घरानं कधी मोडला नाही. माझी जी वर्षं पुढे वाया गेली ती देवाधर्माच्या नादानं गेली नाहीत. डॉक्टरांच्याच दारात गेली.

पण आधी मोठी बिमार पडली.

आम्ही तेव्हा सातवीत होतो. मोठी खाली पडलेली पाटी उचलताना कंबरेतून वाकेनाशी झाली. पाठ ताठ ठेवून, गुडघे मोडून, एक हात मांडीवर टेकून ती उचलायची. मास्तर म्हणाले, ही म्हातारीसारखी काय करते? मग एक दिवस तिची आई, मोठीमाय, तिची वेणी घालत होती तर तिच्या हाताला पाठीच्या मधोमध टेंगूळ लागलं. यवतमाळला एक हाडांचे डॉक्टर होते, त्यांच्याकडे नेलं. त्यांनी पाठीचा फोटो काढला. फोटोत दोन मणके पोखरलेले स्पष्ट दिसत होते. मणक्याचा टीबी, डॉक्टर म्हणाले. काखेपासून ढुंगणापर्यंत प्लास्टर बांधलं, रोजची सुई लिहून दिली, आणि सांगितलं की हिनं आता फळीच्या खाटेवर पडून राहायचं, वर्ष लागो की दीड वर्ष.

ती पडली आणि घर तिच्याभोवती फिरू लागलं. तिला रोज अंडं. सकाळी दूध, संध्याकाळी दूध. मोठेबाबा यवतमाळहून येताना संत्री आणायचे, ती तिच्या उशाशी फडक्यात बांधलेली असायची आणि त्यांचा वास सगळ्या ओसरीत. मास्तर रविवारी घरी येऊन तिला शिकवू लागले. तेच मास्तर, जे वर्गात माझा हात वर असला तरी दुसऱ्याला विचारायचे. शेजारच्या बाया यायच्या, पदर तोंडाला लावून म्हणायच्या, "माय माय, केवढं सोसते पोट्टी." मोठी छताकडे पाहत पडलेली असायची, आणि खरं सांगायचं तर ती सोसतही होती. पण तिच्या दोन्ही वेळच्या पाण्याचे गुंड मी आणत होते. तिचं भांडं मी बाहेर नेत होते. माझ्या पाठीवर कोणी हात फिरवला नाही, कारण माझ्या पाठीत काही नव्हतं.

एकदा सगळे जेवायला बसले असताना मी म्हटलं, "मलेबी एक वर्स झोपवा न खाटेवर."

सगळे हसले. मोठीही आतून हसली, प्लास्टरमुळे तिला हसताना दुखायचं. मोठीमाय मात्र हसली नाही. तिनं ते वाक्य जपून ठेवलं.

मोठी उठली तेव्हा गावात तिचं नाव झालं. पाठीत थोडा बाक राहिला, पट्टा बांधावा लागे, पण चालायची खडखडीत. खाटेवर पडून केलेल्या अभ्यासावर ती सातवी पास झाली, तेही माझ्यापेक्षा वरच्या नंबरानं. मग मास्तरांनीच खटपट करून तिला यवतमाळला मास्तरकीच्या ट्रेनिंगला लावलं. मलाही जायचं होतं. बाबा म्हणाले, "एक साल थांब. दोघीही गेल्यावर घरी कोण राह्यल?" मी थांबले. ती सुट्टीत आली की पांढरं पातळ नेसून यायची, बोलण्यात शहरी शब्द असायचे, "मला" म्हणायची "मले" ऐवजी. दोन दिवसांनी पुन्हा "मले"वर यायची, तो भाग वेगळा. मी तिची वही उघडून तिचं अक्षर पाहायची. माझं अक्षर तिच्याहून चांगलं होतं.

त्या थांबण्याच्या सालातच माझी पाठ दुखायला लागली.

कापूस वेचणीचे दिवस होते. आधी वाटलं कंबरेला बांधलेल्या कापसाच्या ओटीचं वजन. खांद्याच्या दोन्ही फऱ्यांच्या मध्ये, थोडं खाली, आत कोणीतरी अंगठा रुतवून ठेवल्यासारखं. दिवसभर काम केलं तर त्याचं काही वाटायचं नाही. अंथरुणाला पाठ टेकली की सुरू. तिथून ते फासळीवरून पुढे यायचं, डाव्या बाजूनं, जसं कोणी दोरी आवळावी. उठून बसलं की कमी व्हायचं. म्हणून मी भिंतीला टेकून बसल्या बसल्या झोपायला शिकले.

मायला सांगितलं. मायनं मोठीमायला सांगितलं. मोठीमाय चुलीत फुंकणी घालत म्हणाली, "दुखन न. दुखाचंच होतं. हिले मोठीसारखं खाटेवर पडाचं हाय केव्हाचं."

"खरंच दुखून राह्यलं, मोठीमाय."

"मोठीले दुखे तेव्हा ते झोपली की बरी राहे. तू त म्हणतं झोपली की दुखते. असं उफराटं दुखणं कोठी असते का?"

मोठीमायच्या तोंडून त्या दिवशी जे निघालं ते पुढच्या तीन वर्षांत कोणत्याही डॉक्टरनं विचारलं नाही. पण तिनं ते माझं खोटं पकडायला म्हटलं होतं, आणि मलाही ते खोटं पकडल्यासारखंच लागलं. मी त्यानंतर झोपण्याचं बोलणंच सोडलं. पाठ दुखते, एवढंच सांगू लागले. पाठ तर गावात प्रत्येक बाईची दुखत होती.

बाभुळगावच्या डॉक्टरनं पुड्या दिल्या आणि चोळायला मलम. त्यानं पोटावर बोटं दाबून पाहिली, म्हणाला पित्त आहे, तिखट सोडा. दोरी आवळल्यासारखं पोटापर्यंत येत होतं म्हणून त्याला पित्त वाटलं असेल. मी तिखट सोडलं. विदर्भात राहून तिखट सोडलं म्हणजे जेवणच सोडलं. काही फरक पडला नाही. मग बाबांनी मला यवतमाळला नेलं, त्याच हाडांच्या डॉक्टरांकडे.

त्या बाकड्यावर बसले तेव्हा मला जे वाटत होतं ते आजही आठवतं. मला वाटत होतं, फोटोत काहीतरी निघू दे. मोठीच्या फोटोत दोन मणके पोखरलेले निघाले होते. माझा एकतरी निघू दे. डॉक्टरांनी फोटो उजेडाला धरला, मान हलवली.

"मणके एकदम साफ आहेत," ते बाबांना म्हणाले. "हाडाला काही झालेलं नाही."

बाबांनी हात जोडले. मला मात्र नापास झाल्यासारखं वाटलं.

"पण दुखते म्हणते साहेब," बाबा म्हणाले. "सालभर होऊन राह्यलं."

"घरात दुसरी मुलगी अशी आजारी होती ना? मीच बरी केली. मनावर परिणाम होतो असा. बहिणीचं पाहून." मग माझ्याकडे न पाहता, "लग्नाचं बघा. आपोआप राहील."

बसमध्ये बाबा खिडकीबाहेर पाहत होते. ते वाईट बोलणारे नव्हते. गाव जवळ आल्यावर म्हणाले, "मोठी तुही बहीणच हाय न. तिचं चांगलं झालं त आपलंच झालं." म्हणजे त्यांनाही ते पटलं होतं. डॉक्टरनं माझ्या आत पाहून जे सांगितलं, त्यात पाठ नव्हतीच, हेवा होता. हेवा मला होता, ते खोटं नव्हतं. पण हेव्यानं फासळीत दोरी आवळली जात नाही. हे मी कोणाला कसं समजावून सांगणार होते?

माझ्या ट्रेनिंगचं नाव कोणी काढलं नाही, लग्नाचं बघितलं गेलं. ढाणकीकडचा एक मुलगा आला, तिकडच्याच शाळेत मास्तर. सोबत त्याचा मामा. मी पोह्यांची ताटली घेऊन आले तेव्हा उंबऱ्यात माझं पाऊल अडकलं. पडले नाही, पण चमचा खाली पडला. तो मुलगाच वाकून उचलू लागला. मग त्यानं विचारलं, "काय काय वाचलं तुम्ही?" पोरीला कोणी असं विचारत नसे त्या काळी. मी सांगितलं, मोठीची ट्रेनिंगची पुस्तकं वाचली, सगळी. तो हसला. "मग तुम्हीबी अर्ध्या मास्तरीणच हो." जाताना त्याच्या मामानं बाबांना सांगितलं की पोरगी पसंत आहे, पुढचं बोलायला उन्हाळ्यात येतो. त्यातले पहिले दोन-तीन महिने मी दुखणं गिळून काढले. खरं म्हणजे त्या दिवसांत ते थोडं कमीच वाटलं, आणि सगळ्यांना वाटलं डॉक्टर बरोबर होते.

मग माझी चप्पल हरवू लागली.

डाव्या पायातली. चालता चालता निघून जायची आणि मला कळायचं नाही. मागून येणारं कोणीतरी हाक मारायचं, "वं बाई, चप्पल पाह्य." पाय खाली पाहून टाकावा लागे. अंधारल्यावर मला चालताच येईना, कारण पाय दिसायचे नाहीत. आमच्या शेजारी सायकल दुरुस्तीवाले चाचा राहत, त्यांच्या दुकानासमोर मी एकदा सपाट जमिनीवर पडले. चाचांनी उठवलं आणि बाबांना जाऊन सांगितलं, "भाई, इसको चक्कर नहीं आया. इसका पैर ही पीछे रह गया. मैंने देखा."

त्यानंतर आंघोळीचा प्रसंग झाला. मी चुलीवरून उतरवलेल्या पाण्याचं घंगाळ ओढत होते, ते कलंडून डाव्या पायावर सांडलं. मी घंगाळ सरळ केलं, उरलेल्या पाण्यात थंड घातलं आणि आंघोळ केली. मायनं बाहेर आल्यावर पाहिलं तर पायावर फोड. "भाजलं तुले. वरडली काहून नाही?" मी पायाकडे पाहिलं. मला भाजल्याचं कळलंच नव्हतं. माय तिथंच खाली बसली. त्या दिवसापासून तिनं मोठीमायचं ऐकणं सोडलं.

पुन्हा तेच डॉक्टर. पायाचे फोड पाहून ते गंभीर झाले. पुन्हा फोटो काढला, पुन्हा साफ. ते बराच वेळ फोटो धरून बसले.

"बहिणीचाच आजार असणार," शेवटी ते म्हणाले. "फोटोत यायला कधी कधी वेळ लागतो. एकाच घरात राहिल्या, एकाच घरातला टीबी. पाय गेले म्हणजे आत पसरतोय. वेळ घालवायचा नाही."

मला सांगायला हरकत नाही, मला आनंद झाला. पाय निकामी होत होते आणि मी आनंदात होते. माझ्या दुखण्याला नाव मिळालं होतं, आणि नावही साधंसुधं नाही, मोठीचंच. घरी आलो तेव्हा मोठीमायनं दारातूनच विचारलं, काय निघालं? मी बाबांच्या आधी बोलले, "मोठीले झालतं तेच."

माझ्यासाठीही फळीची खाट आली. प्लास्टर आलं, सुई आली. अंडं आलं. बाया आल्या, पदर तोंडाला लावून. मास्तर मात्र आले नाहीत, मी आता कुठल्या वर्गात नव्हते.

पाठीवर चोवीस तास सपाट पडून राहणं हे माझ्या दुखण्याला कसं मानवणार होतं? ज्यानं वाढत होतं तेच औषध म्हणून मिळालं. मी दात आवळून पडून राहायची. मोठी पडली होती तर मी का नाही पडू शकत? ती वर्षभर कण्हली नव्हती, मग मीही कण्हणार नव्हते. महिने गेले. डावा पाय लाकडासारखा ताठ झाला, मग उजव्याचीही कुरकुर सुरू झाली. डॉक्टर म्हणायचे धीर धरा, हा आजार हळू हटतो.

ढाणकीकडची मंडळी उन्हाळ्यात आली ती अशा घरात. बाबांनी त्यांच्यापासून काही लपवलं नाही. मुलगा आत येऊन माझ्या खाटेजवळ उभा राहिला, म्हणाला, बऱ्या व्हा. मग ओसरीवर बराच वेळ बोलणं चाललं. मोठी तेव्हा ट्रेनिंग संपवून मारेगावकडच्या एका खेड्यात शाळेवर लागली होती आणि सुट्टीत घरी आलेली होती. चहा तिनंच नेला. तिच्या पाठीला बाक होता, पण चहाचा कप तिच्या हातून हलला नाही. मामा काय म्हणाले ते मला आतून नीट ऐकू आलं नाही. संध्याकाळी मायनं सांगितलं. मायचा आवाज असा होता की जशी तीच गुन्हेगार आहे.

"मोठीले इचारून राह्यले ते लोक."

"मग?"

"मोठी नाही म्हणते. म्हणते, लहानीचं ठरलं होतं."

मी भिंतीकडे तोंड करू शकत नव्हते, प्लास्टर होतं. म्हणून डोळे मिटले आणि म्हटलं, "तिले म्हणा कर. माह्यासाठी कायले थांबते?" हे मोठेपणानं म्हटलं नाही. ती माझ्यासाठी थांबली असती तर मला ते जन्मभर उचलावं लागलं असतं.

लग्न आमच्याच अंगणात झालं. बँडबाजा नाही, हळद नाही, नव्या रीतीचं लग्न. पांढऱ्या साडीतली मोठी मला दारातून एकदा दिसली. मग फक्त आवाज. सगळे मिळून त्रिसरण म्हणत होते, त्यात माझ्या बाबांचा आवाज सगळ्यात मोठा, सगळ्यात बेसूर. मी शब्द न शब्द पाठ असूनही ओठ हलवले नाहीत. लोक जेवून गेले, पंगतीचा शिरा माझ्याकडेही आला. गोड होता. मी खाल्ला.

लग्नानंतर मोठी माहेरपणाला आली ती चार दिवस. दुसऱ्या दिवशी दुपारी ती माझ्या खाटेजवळ आली तर मी उशा एकावर एक रचून, प्लास्टरसकट कशीबशी अर्धी उठून बसलेली. डॉक्टरांनी हे सक्त मना केलं होतं.

"अशी काहून बसली वं?"

"पडवत नाही."

"किती दिवसांपासून?"

"पयल्यापासून." मी वैतागून म्हटलं. "तुह्या मायले माहीत हाय. पडलं की दुखते, बसलं की कमी होते. उफराटं हाय म्हणे."

मोठी खाटेच्या काठावर बसली. मग तिनं माझ्या डाव्या तळपायाला नख लावलं. "कळलं?" नाही. पोटरीला. नाही. मांडीला. नाही. प्लास्टरच्या वर, गळ्याखाली आल्यावर मी म्हटलं, "हो."

"मले असं कधीच नव्हतं झालं," ती म्हणाली. "माहे पाय चांगले होते. आणि पडलं की मले सरग वाटे. सुटका झाल्यावानी. हे माहं दुखणं नाही, लहानी. तुले दुसरंच काही झालं."

माझं डोकं भणाणलं. ट्रेनिंग तिचं झालं, नोकरी तिची झाली, तो मास्तर तिचा झाला. एक बिमारी माझ्या वाट्याला आली होती, तीही ती काढून घ्यायला आली होती.

"तू कोण डाक्टर?" मी म्हटलं. "तुलेच तेवढं मोठं दुखणं होऊ शकते?"

तिला ते लागलं. उठली, दारापर्यंत गेली, परत आली. "तू मले काय म्हणाचं ते म्हण. पण मी काकाले सांगणार हाय."

तिनं बाबांना सांगितलं, मोठेबाबांना सांगितलं, आणि ऐकत नाहीत म्हटल्यावर बाबांना घेऊन स्वतः यवतमाळला डॉक्टरांसमोर बसली. तिथं काय झालं ते मला बाबांनी सांगितलं. डॉक्टर चिडले होते. म्हणाले, तुला मी उभी केली, तेव्हा भरोसा होता ना माझ्यावर? मोठी म्हणाली, "आताही आहे. म्हणूनच दुसरीकडे न जाता आधी तुम्हाला विचारलं. झोपल्यावर वाढणारं दुखणं हाडाचं असतं का?" डॉक्टरांनी कागद ओढला. मग त्यांनी नागपूरच्या एका मोठ्या डॉक्टरांच्या नावानं चिठ्ठी दिली. त्यांचं एवढं मात्र मानलं पाहिजे, की चिठ्ठी लिहून दिली.

नागपूरला मला मोटारीच्या मागच्या सीटवर आडवी टाकून नेलं. तिथले डॉक्टर तरुण होते, बोलायला हळू. त्यांनी आधी फोटो पाहिलेच नाहीत. मला विचारलं, "सुरुवातीपासून सांगा. पहिल्या दिवशी काय झालं?" एवढ्या वर्षांत मला पहिल्यांदा कोणी पहिला दिवस विचारला. मी ओटीपासून सांगत गेले. त्यांनी प्लास्टर कापून काढायला लावलं, मग टाचणीनं पायापासून वर वर टोचत आणलं आणि जिथं मी हो म्हटलं तिथं निळ्या पेन्सिलीनं रेघ ओढली. पाठीमागूनही तशीच रेघ. छातीच्या खाली पट्टा बांधावा तशा दोन रेघा जुळल्या. तळपायाला किल्ली ओढली तर माझा अंगठा आपोआप वर गेला, तो खाली वळायला हवा होता म्हणे. शेजारी उभ्या दुसऱ्या डॉक्टरांना त्यांनी तो दाखवला.

दुसऱ्या दिवशी पाठीत सुई घालून कसलंसं तेलासारखं औषध सोडलं आणि मला पट्ट्यांनी बांधून टेबलच तिरपं केलं, डोकं खाली, पाय वर. ते औषध मणक्यांच्या आतून वाहत जायला हवं होतं. ते पाठीच्या मध्यावर येऊन थांबलं. फोटोत स्वच्छ दिसत होतं, पांढरी धार आणि मग वाटीच्या कडेसारखी गोल रेघ, पुढे काही नाही.

"हाडात काही नाहीच," डॉक्टरांनी बाबांना समजावलं. "मणक्यांच्या आत जी मज्जेची दोरी असते, तिला चिकटून गाठ वाढलीय. ती दोरीला दाबते. साध्या फोटोत हाड दिसतं, गाठ दिसत नाही."

"क्यान्सर?" बाबांनी विचारलं.

"बहुतेक नाही. हळू वाढलीय, साधी असावी. काढता येईल."

"मग पोट्टी चालन?"

डॉक्टरांनी फोटो खाली ठेवला. "नुसती पाठ दुखत होती तेव्हा काढली असती तर नक्की सांगितलं असतं. आता काढून बघू. दोरी किती दिवस दबलेली होती त्यावर आहे."

बाबांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. ते माझ्याकडे पाहत नव्हते. मी भिंतीशी उभ्या मोठीकडे पाहत होते. तिनं शाळेची रजा काढली होती, नवऱ्याला ढाणकीला ठेवून आली होती. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. मला वाटलं, हिला रडायलाही जमतं, माझ्या वाट्याचंही हीच रडते.

ऑपरेशन झालं. गाठ निघाली ती मोठ्या बोराएवढी. डॉक्टरांनी ती बाटलीत घालून बाबांना दाखवली. मोठी तीन आठवडे माझ्यापाशी राहिली. भांडं तिनं नेलं, अंग तिनं पुसलं. तिला हे सगळं येत होतं, कारण हे सगळं तिच्यासाठी मी केलं होतं. आम्ही ते एकमेकींना बोललो नाही. पाठीवर उताणी पडून मी पहिल्यांदा झोपले तेव्हा परिचारिकेला मला हलवून उठवावं लागलं. दोरी सुटली होती. दुखणं गेलं, जसं दार लावून निघून जावं तसं.

पाय सावकाश आले. उजवा आधी आला, अंगठ्यापासून. डावा यायचा तेवढा आला आणि थांबला. घरी आल्यावर चाचांनी जुन्या सायकलींच्या नळ्या कापून, जोडून मला धरायला चौकट करून दिली. तिच्या पायांना त्यांनी टायरचे तुकडे बसवले, घसरू नये म्हणून. "लोहा हल्का है, डरना नहीं," ते म्हणाले. त्या चौकटीवर मी अंगणात चालू लागले, मग फाटकापर्यंत, मग एका काठीवर. पळणं, चढणं, गुंड डोक्यावर घेणं पुन्हा झालं नाही. हातानं फिरवायचं शिवणयंत्र आलं आणि मी गावातल्या पोरींना शिवण शिकवू लागले. माझा हात चांगला होता. आता मोठीशेजारी उभं न करताही लोक मला ओळखू लागले, "शिवणवाली बाई" म्हणून.

यवतमाळच्या डॉक्टरांना बाबा एकदा भेटून आले. भांडायला नाही, सांगायला. डॉक्टर म्हणाले म्हणे, अशी दुसरी केस मी आयुष्यात पाहिली नाही. बाबांनी मला हे सांगितलं तेव्हा मी म्हटलं, "पाह्यलीही असन. त्या पोरीचंही बहिणीवर ढकललं असन."

पुढच्या एका उन्हाळ्यात मोठी तिच्या लहान पोरीला घेऊन आली. माय आणि मोठीमायनं कुरडयांचा घाट घातला होता. कुरडया धाब्यावर वाळत घालायच्या. मोठी पदर खोचून शिडी चढू लागली. बाक असलेल्या पाठीनं, पण पाय एकामागून एक अगदी बरोबर पडत होते, न पाहता. मी खाली काठी टेकून उभी होते.

अर्ध्या शिडीवरून तिनं खाली पाहिलं. "काय पाहून राह्यली वं?"

"पाय पाहून राह्यली तुहे."

"अजूनही?"

"अजूनही."

तिनं मान हलवली, वर चढून गेली, धाब्याच्या कडेवर गुडघे टेकून हात खाली केले. "दे मग परात. वाळतीन कवा ह्या?"

मी काठी शिडीला टेकवली, दोन्ही हातांनी परात उचलून वर धरली आणि तिनं ती घेतली.